नऊ ग्रॅम

कळंबच्या मोंढ्यात बलभीम आधी ऐकू यायचा आणि मग दिसायचा. पोत्यांच्या थप्पीआडून ठण, ठण, ठण असे तीन ठोके आले की गावोगावचे शेतकरी म्हणायचे, बलभीमअण्णाचा काटा लागला, आता घोर न्हाय. हे ठोके म्हणजे त्याची रीत. माल मापायच्या आधी अर्ध्या किलोचं एक लोखंडी वजन उचलायचं आणि पारड्यावर तीनदा वाजवायचं. का, तर मोंढ्यातल्या काही दिवट्यांना पारड्याच्या बुडाला चिंचेचा गोळा चिकटवून ठेवायची खोड होती. वाजवलं की गोळा गळून पडतो, काटा मोकळा होतो, आणि तेही ज्याचा माल त्याच्या डोळ्यांदेखत. मग पहिलं माप. त्याला एक म्हणायचं नाही, 'लाभ' म्हणायचं, आणि दोनपासून पुढं मोजत जायचं.

ते वजन त्यानं मापाड्याचा परवाना मिळाला त्या दिवशी बार्शीहून आणलं होतं. तीस वर्षांत त्यानं कधी धान्य मापलं नाही. त्याचं काम नुसतं वाजायचं. हात लागून लागून ते गुळगुळीत झालं होतं, कडा गोल झाल्या होत्या. प्रामाणिक माणसाला थोडा गर्व असतो आणि लोक तो चालवून घेतात. बलभीमला जरा जास्तच होता. आपण वाजवतो म्हणून मोंढा चालतो, अशी त्याची पक्की समजूत होती, आणि तसं कुणी म्हटलं की तो नको नको म्हणत ऐकून घ्यायचा.

पुढं लाल आकड्यांचे इलेक्ट्रॉनिक काटे आले. बलभीमनं तेही वाजवले. दोनदा आतलं यंत्र बिघडल्यावर आडत्यानं हात जोडले, म्हणाला, अण्णा, आता तुम्ही घरी बसून आराम करा. बलभीम ते वजन धोतराच्या सोग्यात बांधून घरी आला आणि सहा महिने मोंढ्याच्या रस्त्यानं गेला नाही.

म्हणून इंद्रजितला काट्यावरचं काम लागलं तेव्हा बापाला आभाळ ठेंगणं झालं. इंद्रजित एकुलता एक, चोवीस वर्षांचा, आयटीआय झालेला. गावाबाहेरच्या माळावर सोयाबीनच्या तेलाचा प्लांट होता, तिथं लागला. त्या प्लांटात तेल काढायला पेट्रोलसारखं एक पातळ द्रव वापरतात, सॉल्व्हंट म्हणतात त्याला. तेल सुटलं की ते पुन्हा गोळा करून पिंपांत भरायचं. दर पाळीला ती पिंपं काट्यावर घ्यायची, म्हणजे किती परत आलं आणि किती हवेत उडालं ते कळतं. हे वजन घ्यायचं काम इंद्रजितचं.

"काटा कसला हाय?" पहिल्याच संध्याकाळी बलभीमनं विचारलं.

"स्टीलचा, जमिनीलगत बसवलेला. आकड्याचं डबडं लई जड हाय, अण्णा, चारीकडनं बंद. आत ठिणगी उडाली तरी बाहेर यायची न्हाय."

"बरं. आन् वाजवता काय त्याला?"

इंद्रजित हसला आणि शिवांजली मॅडमनी शिकवलं ते सगळं सांगत बसला. या मॅडम माकणीच्या, वय फार तर तिशीचं, प्लांटातले सगळे काटे त्यांच्याकडं. मोबाईल गेटवर ठेवायचा. नायलॉनचा शर्ट घालायचा नाही. पिंप काट्यावर घ्यायच्या आधी त्याला अर्थिंगचा चिमटा लावायचा. आणि आत लोखंड न्यायचं नाही. पाना पितळी, हातोडी पितळी, काटा तपासायची वजनंसुद्धा पितळी.

"लोखंड आपटलं की त्याचा बारीक कण झिजून उडतो," इंद्रजित म्हणाला, "आन् उडता उडता तापून लाल व्हतो. ठिणगी म्हंजे तो कण. सॉल्व्हंटची वाफ साचली आसंल तर तेवढा एक बास हाय."

"पितळेची वजनं सोनाराकडं आसत्यात," बलभीम म्हणाला. "पितळ वाजतं ते देवळात."

त्याची बायको सारजाबाई चुलीपुढं भाकरी थापत होती, तिलाही हसू आलं. बलभीम मात्र उठला, आतून ते वजन आणलं आणि मुलाच्या हातात ठेवलं. "हे जवळ ठेव. माल कुणाचा का आसंना, मापायच्या आधी तीनदा वाजवायचं. मग जल्मात कुणी आपल्याकडं बोट करत न्हाय."

बापाला नाही म्हणायची त्या घरात रीत नव्हती, आणि पोराचा बापावर जीवही होता. त्यानं वजन घेतलं.

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी मोटारसायकल दारात लागली की बलभीमचा एकच सवाल असायचा. "काटा वाजवला का?"

"वाजवला, अण्णा."

मग म्हातारा मान हलवायचा आणि त्याला चहा गोड लागायचा. आठ महिने हे चाललं.

आठ महिन्यांनी एके दिवशी सारजाबाई शेजारी गेली होती आणि बलभीमला जेवताना लोणचं हवं झालं. तो स्वतः उठला, फडताळातली बरणी पुढं ओढली, तर बरणीमागं ते वजन. त्याच्यावर कोळ्याचं जाळं धरलं होतं. बलभीमनं ते धोतरानं पुसलं आणि ओट्यावर मांडी घालून बसला.

संध्याकाळी इंद्रजित आला. सारजाबाईनं त्याला पाणी दिलं.

"काटा वाजवला का?"

"वाजवला, अण्णा."

बलभीमनं वजन त्याच्यापुढं ठेवलं. पोराचा तांब्या तोंडाशी तसाच राहिला.

"आठ महिने तू मला रोज खोटं सांगितलंस."

"तिथं लोखंड न्हेता येत न्हाय, अण्णा. तुमाला वाईट वाटंल म्हणून म्या..."

"तीस वरसं वाजवलं म्या. एक ठिणगी दाखव मला. एक."

"मोंढ्यातली हवा निराळी, अण्णा. तिथली निराळी."

"हवेचं नगं सांगू. बापाची लाज वाटती म्हण."

इथं थांबायला हवं होतं. बायको डोळ्यांनी खुणावत होती, पोरगं मान खाली घालून उभं होतं, कुणीही शहाणा माणूस इथं थांबला असता. बलभीम थांबला नाही. ज्या माणसानं तीस वर्षं कुणाचं खोटं खपवून घेतलं नव्हतं, त्याला घरातलं खोटं फार लागलं. तो म्हणाला, "उद्या वाजवून ये. न्हायतर मला अण्णा म्हणू नगंस."

सकाळी इंद्रजित निघाला तेव्हा बलभीम अंगणात पाठ करून बसला होता. मोटारसायकल सुरू झाल्याचा आवाज त्यानं ऐकला. दोन वेळा ती उगीचच रेस झाली, पोरगं बापानं वळून बघावं म्हणून थांबलं होतं हे त्याला कळत होतं. तो वळला नाही.

दुपारी साडेबाराच्या सुमाराला माळाकडून एक आवाज आला. दार हललं, फडताळातली भांडी वाजली. सारजाबाई बाहेर आली आणि म्हणाली, कुठं खाणीत सुरुंग लावला जणू.

इंद्रजितला सोलापूरच्या दवाखान्यात नेलं. तिथं आत एका वेळी एकालाच सोडत होते. बलभीम आत गेला तेव्हा पोराचं तोंड पट्ट्यांत होतं, नुसते ओठ दिसत होते. बलभीमनं हाक मारली. ओठ हलले. त्यानं कान खाली नेला.

"वाजवला, अण्णा," इंद्रजित म्हणाला. "खरंच वाजवला."

बाहेर आल्यावर सारजाबाईनं विचारलं, काय म्हणलं लेकरू. बलभीम म्हणाला, पाणी मागितलं. तिसऱ्या दिवशी पहाटे इंद्रजित गेला.

माणूस रडतो, ऊर बडवतो, लोक धरून बसवतात, पाणी पाजतात. बलभीमचं तसं काही झालं नाही. तो जेवला सुद्धा. लोक म्हणाले, म्हाताऱ्यानं धीर धरला. धीर कसला, त्याच्या पोटात पोराचं ते शेवटचं वाक्य अडकलं होतं आणि ते बाहेर पडलं तर सारजाबाई आपलं तोंड पाहणार नाही, एवढं एकच त्याला दिसत होतं. पोरगं गेलं होतं, आता घरात ती एक उरली होती. रात्रंदिवस तो तिच्या पुढ्यातून उठायचा नाही आणि तिच्याकडं बघायचाही नाही.

इकडं गावात बोलणं सुरू झालं. काटाच खराब होता, आतली वायर उघडी असणार, बाईमाणसाला काट्यातलं काय कळतं, तिनंच पास केला होता. चौकशी बसली. शिवांजली मॅडमना कामावरून थांबवलं आणि त्यांच्यावर गुन्हा दाखल होणार असं पेपरात आलं.

दहावा झाल्यावर त्या घरी आल्या. उंबऱ्याच्या आत पाऊल टाकेनात, सारजाबाईनं हात धरून आणलं. डोळ्यांखाली काळं झालं होतं, ओढणी उलटी घेतलेली होती.

"काका, काटा मी स्वतः तपासला होता," त्या म्हणाल्या. "डब्याचं झाकण, वायर, अर्थिंग, सगळं. तिथल्या एका पाइपाच्या जोडातलं वायसर गळत होतं, ते नंतर कळलं. वाफ जड असते, जमिनीलगत साचते, नाकापर्यंत येत नाही. पण पेटायला ठिणगी लागते ना. ती माझ्याच काट्यातून आली असणार, दुसरं काही तिथं नव्हतंच. रोज कागद काढून बघते. कुठं चुकलं ते सापडत नाही."

बलभीम जमिनीकडं बघत राहिला. त्याच्या जिभेच्या टोकावर आलं होतं. त्यानं सारजाबाईकडं पाहिलं, ती मॅडमच्या पाठीवरून हात फिरवत होती, आणि ते वाक्य परत खाली गेलं.

मॅडम गेल्यावर सारजाबाई म्हणाली, "हिच्या आईचं काय व्हत आसंल, बघा. जित्या लेकराला जाळायलेत लोक."

दुसऱ्या दिवशी सारजाबाई पाण्याला गेली असताना आसिफ आला. इंद्रजितच्या पाळीतला हा दोस्त, यानंच त्याला ओढून बाहेर काढलं होतं. दोन्ही हात कोपरापर्यंत पट्ट्यांत. सोबत त्याची आई हसीनाबी. तिनं पदराखालून एक फडकं काढलं आणि बलभीमपुढं ठेवलं. उघडायची गरज नव्हती. त्याला फडक्यावरूनच आकार कळला.

"मुठीत व्हतं त्याच्या," आसिफ म्हणाला. "म्याच काढून लपवलं. आत गेल्यावर त्यानं कमरेचं काढून दाखवलं व्हतं मला. म्हणला, एकच डाव वाजवतो, म्हंजे सांजच्याला अण्णांस्नी खरं सांगता यील. म्या हसलो, अण्णा. म्हणलं वाजव बाबा, तुझा बाप काय सोडायचा न्हाय तुला." त्यानं पट्ट्यांतल्या हातांकडं पाहिलं. "म्या अडवायला पायजे व्हतं."

हसीनाबी म्हणाली, "भाऊ, हे विहिरीत टाका. कुणाला कळलं तर म्हणतील पोरानंच नियम मोडला. गेलेल्या लेकराच्या नावाला बट्टा नको."

भली माणसं होती ती, आणि भल्यासाठीच बोलत होती. बलभीमनं वजन घेतलं आणि कोठीत ज्वारीच्या कणगीत खोल खुपसून ठेवलं. विहीर दोनशे पावलांवर होती. तिकडं मात्र तो गेला नाही.

चार दिवसांनी जबाबाला बोलावणं आलं. प्लांटाच्या ऑफिसातच चौकशी होती. सारजाबाई म्हणाली, मी येणार, माझं लेकरू कुठं उभं राहत व्हतं ती जागा मला बघायची हाय. बलभीमनं तिला चार वेळा नको म्हटलं, उन्हाचं सांगितलं, गुडघ्याचं सांगितलं. ती डोक्यावर पदर घेऊन आधीच दारात उभी होती. त्यानं कणगीत हात घातला, वजन काढून बंडीच्या आतल्या खिशात ठेवलं. सांगायचं का नाही, हे त्याचं त्यालाही तोवर ठरलेलं नव्हतं.

टेबलामागं तीन साहेब होते. कोपऱ्यात खुर्चीवर शिवांजली मॅडम, मांडीवर कागदांची जाड फाईल. मधल्या साहेबानं पाणी दिलं, झाल्याबद्दल वाईट वाटतं म्हणाला. सभ्य माणूस होता. मग त्यानं विचारलं, "काट्याबद्दल तुमच्या मुलानं घरी कधी तक्रार केली होती का? करंट लागतो, वायर उघडी आहे, असं काही?"

एवढंच विचारलं. न्हाय म्हटलं असतं तर ते खोटं झालं नसतं. लिहून घेतलं असतं, अंगठा नाहीतर सही, आणि म्हातारा-म्हातारी दुपारच्या एसटीनं घरी गेली असती.

बलभीमनं खिशात हात घातला आणि ते वजन टेबलावर ठेवलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं ते आवाज न करता ठेवलं.

"काट्याचा दोष न्हाय, साहेब," तो म्हणाला. "पोरीचा तर न्हायच न्हाय. हे माझं हाय. म्या दिलं त्याला. त्यो न्हेत नव्हता, आठ महिने न्हेलं न्हाय. म्या म्हणलो, वाजवून ये, न्हायतर मला अण्णा म्हणू नगंस." त्याला दम लागला. "तुमाला नियम मोडल्याचं लिवायचं आसंल तर माझ्या नावावर लिवा. त्याला समदं ठावं व्हतं. त्यानं मला समजावलं बी व्हतं."

सारजाबाई त्याच्या शेजारच्या खुर्चीत होती. बलभीमची तिकडं बघायची छाती झाली नाही.

साहेबांनी एकमेकांकडं पाहिलं. कागदावर वस्तूची नोंद करायला हवी म्हणून एकानं बाजूच्या खोलीतून छोटा काटा मागवला. वजन त्यावर ठेवलं. "चारशे एक्क्याण्णव ग्रॅम," त्यानं लिहिणाऱ्याला सांगितलं.

"पाचशे हाय ते," बलभीम म्हणाला. कुठल्याही अवस्थेत का असेना, मापाडी होता तो. "अर्ध्या किलोचं हाय. शिक्का बघा."

"आकडा हाच येतोय, काका."

"मग तुमचा काटा..." तो म्हणाला आणि वजनाच्या गोल झालेल्या कडांकडं बघू लागला.

कोपऱ्यातून शिवांजली मॅडम बोलल्या, अगदी हळू. "झिजलंय, काका. वाजवून वाजवून."

नऊ ग्रॅम. तीस वर्षांतली एक ठिणगी दाखव, असं तो पोराला म्हणाला होता. इंद्रजितनं पहिल्याच संध्याकाळी सांगितलं होतं, लोखंडाचा कण झिजून उडतो, अण्णा, ठिणगी म्हंजे तो कण. या नऊ ग्रॅममध्ये किती कण असतील. रोज उडत होत्या ठिणग्या, त्याच्या स्वतःच्या हाताखाली, दिवसाउजेडी, म्हणून दिसल्या नव्हत्या. पोरगं खरं बोलत होतं. बलभीमनं टेबलाची कड धरली आणि पंधरा दिवसांत पहिल्यांदा तो रडला, तीन परक्या साहेबांसमोर, पोराच्या नावानं हाका मारून. मॅडम उठून आल्या आणि त्याच्या खुर्चीजवळ खाली बसल्या. त्यांच्या फाईलीतले कागद सगळे जमिनीवर गेले होते.

परतताना एसटीत सारजाबाई खिडकीकडं तोंड करून बसली. तिकीट त्यानं काढलं, तिनं विचारलं नाही. ती आता माहेरी जाईल, असं बलभीमनं मनाशी धरलं. भाऊ होता तिचा सोनारीला. गेली तर अडवायचं नाही, तो हक्क आपला राहिला नाही, हेही त्यानं धरलं.

घरी आल्यावर तिनं हातपाय धुतले, चूल पेटवली. दोन भाकरी केल्या, आमटी ऊन केली आणि ताट त्याच्यापुढं ठेवलं. स्वतःसाठी वाढलं नाही. भिंतीला टेकून बसली.

"सारजा," बलभीम म्हणाला, "कायतरी बोल. शिव्या दे."

ती चुलीकडं वळली.

"त्या दिवशी सकाळी त्यानं मला इचारलं," ती म्हणाली. "तुमी अंगणात पाठ करून बसला व्हता. फडताळापाशी उभा राहिला आन् म्हणला, आई, काय करू, न्हेऊ का नगं न्हेऊ. नगं म्हण की, म्हणला. तू नगं म्हणलीस तर न्हेत न्हाय."

बलभीमचा हात ताटावर थांबला.

"म्या म्हणलं, घेऊन जा बाबा. एका दिसाचा परश्न हाय, तुझ्या बापाचं मन राहील." तिनं पदर तोंडाशी धरला. "म्याच कमरेला खोचून दिलं त्याच्या. गेटवर दिसू नये म्हणून वरनं सदरा सारखा केला."

पंधरा दिवस हे ती पोटात घेऊन बसली होती, त्याच्यापासून दोन हातांवर. तो तिचं तोंड चुकवत होता आणि ती त्याचं.

बलभीमनं भाकरी आमटीत कुस्करली, लहान पोराला कालवतात तशी, आणि ताट उचलून तिच्यापाशी सरकला. पहिला घास त्यानं तिच्या हातावर ठेवला. ती खाईना. तो हात तसाच धरून बसला.